पॅरिसच्या ‘बुय्याँ शार्तिए’त जेवायला जाताना

‘बुय्याँ’ म्हणजे साधे, स्वस्त जेवण देणारे उपाहारगृह. तिथे जाताना आधी पत्ता नीट पाहा. शार्तिए नावाची पॅरिसमध्ये आणखीही उपाहारगृहे आहेत. १८९६ चे मूळ दुकान ७, रू द्यू फोबूर माँमार्त्र इथे आहे. मेट्रोच्या ८ किंवा ९ क्रमांकाच्या मार्गाने ‘ग्राँ बुलव्हार’ला उतरायचे. रस्त्यावरून दिसते ते फक्त प्रवेशद्वार. भोजनगृह आतल्या चौकाच्या टोकाला आहे.

टेबल आधी राखून ठेवायची सोय धरू नका, रांग लावायची. रांग भराभर सरकते. तरी ऐन जेवणाची वेळ टाळा. स्वयंपाकघर दुपारीही बंद होत नसल्याने तीन-साडेतीनला जाणे सोयीचे. जागा मिळेल तिथे, बहुधा अनोळखी माणसांच्या शेजारी बसवतात. दोघांना स्वतंत्र टेबल हवेच असेल तर हे ठिकाण तुमच्यासाठी नाही. मूळचे हे कष्टकऱ्यांना स्वस्तात गरम सूप आणि मांस खाऊ घालणारे उपाहारगृह, आणि वेग हीच इथली रीत. भिंतीजवळच्या क्रमांक घातलेल्या लाकडी खणांत नेहमीचे गिऱ्हाईक आपला नॅपकिन ठेवत असे.

बसल्याबरोबर मेन्यू वाचायला घ्या. वेटर आला की सुरुवातीचा पदार्थ आणि मुख्य पदार्थ एकदमच सांगा. गोडाचे नंतर विचारतात. पाण्यासाठी ‘युन काराफ दो, सिल व्हू प्ले’ म्हणा, म्हणजे नळाचे पाणी फुकट येते. नुसते ‘वॉटर’ म्हटलेत तर बाटली येऊ शकते, आणि तिचे पैसे पडतात. पावही फुकट. स्टेक आतून लालसर नको असेल तर ‘बियँ क्वी’ असे स्पष्ट सांगा. शाकाहारींना मुख्य पदार्थांत फारसा वाव नाही. व्हिनेग्रेटमधले (तेल-व्हिनेगरच्या मिश्रणातले) लीक, म्हणजे कांद्याच्या जातीची भाजी, किसलेले गाजर अशा सुरुवातीच्या दोन-तीन पदार्थांवर जेवण उरकावे. कॉफी गोडानंतर येते.

बिल मागितल्याशिवाय येत नाही: ‘लादिस्याँ, सिल व्हू प्ले’. वेटर टेबलावरच्या कागदावरच आकडे मांडून बेरीज करतो. ती तिथेच तपासा. फ्रेंच हस्ताक्षरातला १ वर लांब शेपूट असल्यामुळे आपल्याला ७ वाटतो. त्यांच्या ७ ला मध्ये आडवी रेघ असते. गल्लत बहुतेक इथेच होते. सेवाशुल्क किमतीतच धरलेले असते, त्यामुळे टीप सक्तीची नाही; वाटल्यास एक-दोन युरोची नाणी ठेवा.