दहा वर्षांचा लॅपटॉप पुन्हा कामाला लावताना

"लॅपटॉप फार स्लो झालाय रे, नवा घेऊ का?" असा फोन मला महिन्यातून दोनदा तरी येतो. मी उलट विचारतो, घेतला कधी आणि त्यावर आय३, आय५ असा काही स्टिकर आहे का? उत्तर २०१२ ते २०१६ च्या मधलं आलं, तर थांब म्हणतो, रविवारी घेऊन ये. सातबारा काढणं, मुलांचे फॉर्म, मेल, बँक, यूट्यूब, पत्रं टाइप करणं, अमेरिकेतल्या नातवाशी व्हिडिओ कॉल, एवढ्याला त्या काळचा प्रोसेसर आजही पुरतो. दमलेली असते ती आतली हार्ड डिस्क. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क, टाकायची. (त्याहून जुना कोअर टू ड्युओ प्रोसेसर असेल तर मात्र खर्च करू नका, भंगारवाल्याला द्या.)

या विषयावरच्या व्हिडिओंचा मला राग आहे. "दहा मिनिटांत एसएसडी बसवा" म्हणतात, आणि पहिल्याच दृश्यात लॅपटॉप उघडून ठेवलेला असतो. तो उघडला कसा, हे कापून टाकलेलं. लॅपटॉप मरतात ते नेमके तिथेच, म्हणून बाकीचं मी पटकन उरकणार आहे.

खरेदी

आधी एसएसडी. जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती सुईखाली यायला दरवेळी सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, आणि लॅपटॉप सुरू होताना अशा हजारो बारीकसारीक फायली वाचायच्या असतात. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्याने हे थांबणंच संपतं. म्हणून बाकी काही न बदलता फक्त एसएसडी टाकली तरी माणसं "नवा आणला का?" असं विचारतात. अडीच इंची, साटा जोडणीची, ७ मिलिमीटर जाडीची घ्या. २४० किंवा २५६ जीबी भरपूर झाली. दुकानदार एनव्हीएमई ही दुसऱ्या जातीची एसएसडी "फास्ट आहे" म्हणून गळ्यात मारायला बघेल. या काळातल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती बसतच नाही.

दुसरी गोष्ट रॅम. ४ जीबीवर आजचा ब्राउझर रडतो, ८ करा. आतली रॅमची पट्टी काढून (उघडायचं कसं ते पुढे सांगतो) तिच्यावरचं लेबल वाचा. पीसी३ आणि पीसी३एल यांत फरक आहे: पहिली दीड व्होल्टवर चालते, एलवाली १.३५ वर. इंटेल प्रोसेसरच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला एलवालीच लागते, दुसरी टाकली तर तो बहुधा सुरूच होणार नाही. पीसी३ की पीसी३एल अशी शंका असेल तर एलवालीच घ्या, कारण ती दीड व्होल्टवरही चालते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत, जुनी पट्टी खिशात घेऊन जा आणि तिच्याशेजारी धरूनच नवी विकत घ्या.

फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. हे सांगायला लागू नये.

उघडणं

खाली छोटं झाकण आणि त्याला एक-दोन स्क्रू असतील, तर तुम्ही नशीबवान. झाकण काढा, डिस्क सरकवून बाहेर घ्या, तिची पत्र्याची चौकट नव्या डिस्कला लावा आणि पुढचा भाग वाचा. त्या काळातले ऑफिसला मिळणारे बरेच लॅपटॉप असेच होते, आणि म्हणूनच सेकंडहँड बाजारात त्यांना मी पहिली पसंती देतो.

घरगुती, स्वस्त आणि सडपातळ मॉडेलांमध्ये मात्र खालून सगळे स्क्रू काढायचे आणि वरून कीबोर्ड किंवा मनगट टेकवायचा अख्खा भाग उचलायचा, अशी रचना असते. इथे घाई करणाऱ्याला मी लॅपटॉपला हातसुद्धा लावू देत नाही.

चार्जर काढा, बॅटरी काढा, पॉवरचं बटण वीस सेकंद दाबून धरा. टचपॅड वर आलेला किंवा दाबायला कडक वाटत असेल तर तिथेच थांबा. खाली बॅटरी फुगलेली असू शकते, आणि ती काढणं हे घरी शिकायचं काम नाही.

स्क्रूंसाठी एक कागद घ्या. त्यावर लॅपटॉपच्या तळाचा चौकोन काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी सेलोटेपने चिकटवा. वाटीत एकत्र टाकू नका. एकाच लॅपटॉपमध्ये तीन लांबीचे स्क्रू असतात. आखूड भोकात लांब स्क्रू पिळला की वरच्या बाजूला पुळी येते, नाहीतर तो आतल्या मदरबोर्डाला भोसकतो. रबरी पायांखाली, डीव्हीडी ड्राइव्हच्या खोबणीत, बॅटरीच्या कप्प्यात लपलेले स्क्रू असतात. उचलताना एखादा कोपरा अडला तर एक स्क्रू राहिलाय असं समजा आणि तो शोधा. जोर लावणं हे उत्तर कधीच नसतं. कडा सोडवायला जुनं एटीएम कार्ड वापरा. स्क्रूड्रायव्हर घातलात की प्लास्टिकवर कायमची खूण.

आणि आता कीबोर्डची पट्टी.

कीबोर्ड सुटला की तुमचा हात आपोआप तो उचलायला जातो. उचलू नका. बोटभर वर करून खाली मोबाइलचा टॉर्च मारा. कीबोर्डपासून बोर्डाकडे एक चपटी, कागदाइतकी पातळ पट्टी गेलेली दिसेल, टोकाला बहुधा निळी. ती जेमतेम दोन-तीन इंच लांब असते. ओढून तोडलीत तर कीबोर्ड गेला, आणि ती ज्या खाचेत शिरते ती मोडलीत तर मदरबोर्डाचं दुखणं. टचपॅडला, आणि कधी पॉवर बटणालाही, अशीच वेगळी पट्टी असते.

खाचेला एक कुलूप असतं, नखाच्या कडेएवढं, काळं, तपकिरी किंवा पांढरं. ते दोन जातींचं असतं, आणि या दोन जाती ओळखता न आल्यानेच माझ्या बहिणीचा लॅपटॉप माझ्या हातून बिघडला.

पहिली जात उघडझाप करणारी. खाचेच्या सबंध लांबीवर एक बारीक दांडी आडवी असते. ती नखाने उचलली की खिडकीच्या झापेसारखी उभी राहते. ही झाप कधी पट्टीच्या बाजूला असते, तर कधी तिच्या बरोबर उलट्या बाजूला. दुसरी जात सरकणारी. हिला दोन्ही टोकांना खाचेबाहेर आलेले दोन कान असतात. एका कानाला नखाने केसभर बाहेर ढकला, मग दुसऱ्याला, पुन्हा पहिल्याला. जेमतेम दीड-दोन मिलिमीटर सरकतं आणि तिथेच थांबतं. ते पूर्ण निघून हातात यायचं नसतं.

२०१६ साली मी सरकणाऱ्या कुलपाला झापेचं समजून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने वर उचकटलं. टिक् असा आवाज आला आणि एक कान उडून गेला. तो केरसुणीने सोफ्याखालून काढला, पण त्याचा उपयोग शून्य. पट्टी आत बसायची आणि कीबोर्ड जरा दाबला की बाहेर यायची. तीन दिवसांवर प्रोजेक्ट होतं तिचं. पुढची दोन वर्षं तिने बाहेरून यूएसबी कीबोर्ड लावून काम केलं, आणि प्रत्येक रक्षाबंधनाला मला त्याची आठवण करून दिली.

पुढे एका रिपेअरवाल्याकडे बसून उपाय शिकलो. कुलूप मोडलंच तर औषधांच्या पाकिटाचा पुठ्ठा किंवा त्याच जाडीचं प्लास्टिक खाचेच्या लांबीएवढं कापायचं आणि पट्टीच्या मागे, म्हणजे तांब्याच्या रेषा नसलेल्या बाजूला, पाचरीसारखं घालायचं. वर टेप. दिसायला भयंकर, पण बहिणीचा लॅपटॉप त्यानंतर तीन वर्षं चालला.

परत बसवताना कुलूप आधी पूर्ण उघडा. पट्टीवर टोकापासून थोड्या अंतरावर एक छापील आडवी रेघ असते. पट्टी आत गेली की ती रेघ खाचेच्या कडेला अगदी समांतर दिसली पाहिजे. एक बाजू केसभर जरी बाहेर असेल तरी काढा आणि पुन्हा घाला. मग कुलूप बंद करा आणि पट्टीला अगदी हलकेच ओढून बघा. निसटली तर कुलूप लागलेलंच नव्हतं.

तिरकी बसलेली पट्टी ओळखण्याची खूण सांगतो. कीबोर्डच्या आत ओळी आणि रकान्यांची जाळी असते आणि पट्टीतली प्रत्येक रेष एका ओळीची किंवा रकान्याची असते. त्यामुळे एक रेष टेकली नाही की एकच अक्षर जात नाही, आठ-दहा अक्षरं एकदम जातात. तसं दिसलं तर कीबोर्ड खराब नाही, पट्टी तिरकी आहे. आणि लॅपटॉप सुरूच झाला नाही, तर आधी पॉवर बटणाची पट्टी बघा. बरेच लोक इथे "बोर्ड जळला" म्हणून दुकान गाठतात आणि दोन मिनिटांच्या कामाचे भरपूर पैसे मोजतात.

अजून एकही स्क्रू लावू नका. सगळं नुसतं टेकवून ठेवा, चार्जर लावा, चालू करा. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणाऱ्या त्याच्या मूळ सेटिंगमध्ये) नवी डिस्क आणि ८ जीबी दिसतात का बघा. पुढच्या टप्प्यात पेनड्राइव्हवरून मिंट, म्हणजे विंडोजऐवजी बसवायची प्रणाली, सुरू झालं की त्यात प्रत्येक की दाबून बघा, टचपॅड फिरवा, आणि मगच बंद करून स्क्रू लावा. उघडलंच आहे तर पंख्यातली धूळ ब्रशने काढा, पातं बोटाने धरून. थर्मल पेस्ट बदलायची हौस पहिल्याच वेळी नको.

आत काय घालायचं

जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर करायला सांगणारे पुष्कळ भेटतील. दहा वर्षांचा कचरा नव्या घरात का न्यायचा? कोरं बसवा.

विंडोज १० ला मोफत मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढे आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असेल तरच चालतं. ही अट चुकवून बसवता येतं, मीही बसवून पाहिलं आहे. पण पुढचे अपडेट येतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि एखादा अपडेट अडला की आईचा फोन मलाच येतो. म्हणून मी लिनक्स मिंट बसवतो, एक्सएफसीई हे हलकं रूप. २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

टॅली वापरणाऱ्यांनी आणि श्रीलिपीत डीटीपी करणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. ती मंडळी विंडोजला बांधलेली आहेत. त्यांनी आठव्या पिढीचा सेकंडहँड लॅपटॉप शोधावा.

मिंटची फाइल उतरवा, रूफस या प्रोग्रामने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा, लॅपटॉप चालू करताना डेल किंवा लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९ दाबा आणि पेनड्राइव्ह निवडा. यादीत तो दोनदा दिसला तर यूईएफआय लिहिलेला घ्या. पुढचं मिंटच विचारत जातं, वीस मिनिटांत संपतं. जुनी डिस्क बाहेर काढलेली असल्यामुळे चुकून पुसली जाण्यासारखं काहीच नसतं, म्हणून इथे बिनधास्त राहा.

मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडा, इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी येणाऱ्याला एवढंच पुरतं.

यूट्यूबची एक भानगड राहिली. ते व्हिडिओ आता बहुतेक व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीने पाठवतं. दुसऱ्या ते चौथ्या पिढीच्या ग्राफिक्सला ते उलगडणारी सोय नाही, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा बोंबलतो आणि चित्र अडखळतं. एच.२६४ उलगडण्याची सोय मात्र त्यात आहे. ब्राउझरमध्ये 'एच२६४इफाय' नावाचं एक्स्टेंशन टाका, म्हणजे यूट्यूब जुन्याच पद्धतीचा व्हिडिओ देतं. १०८० च्या वर जाता येणार नाही, पण त्या लॅपटॉपची स्क्रीन तरी कुठे तेवढी असते! मोठ्या काकांना किशोरी आमोणकर अडखळत ऐकू येत होत्या, ते या एका एक्स्टेंशनने थांबलं.

काढलेली हार्ड डिस्क लगेच कुणाला देऊ नका. निदान दोन महिने कपाटात ठेवा. "अरे, लग्नाचे फोटो त्यात होते ना?" हा फोन साधारण तिसऱ्या आठवड्यात येतो.