‘शरियत हवी’ या उत्तराचा अर्थ लावताना

मुस्लिम समाजांच्या राजकारणावर प्रबंध लिहिणाऱ्याने ‘इस्लाममुळे’ हे कारण सर्वांत शेवटी तपासावे. ते आधीच हाती धरले, तर सत्ता, पैसा, प्रदेश, पक्षबांधणी यांकडे लक्षच जात नाही.

इंडोनेशियाचे उदाहरण घ्यावे. प्यू संशोधन केंद्र या अमेरिकी पाहणी संस्थेच्या २०१३ च्या अहवालानुसार तेथील ७२ टक्के मुस्लिमांना शरियत हा देशाचा कायदा व्हावा, असे वाटत होते. मात्र २०१४ च्या संसदीय निवडणुकीत इस्लामी पक्षांना किती मते मिळाली, हे सांगण्यापूर्वी इस्लामी पक्ष कोणता, हे ठरवावे लागते. मुस्लिम संघटनांतून उभे राहिलेले पीकेबी आणि पॅन हे पक्ष धरले, तर बेरीज सुमारे ३१ टक्के होते; पण त्यांची अधिकृत वैचारिक बैठक इस्लाम नसून ‘पंचसिला’ (इंडोनेशियाची पाच राष्ट्रीय तत्त्वे) आहे, म्हणून ते वगळले, तर ती १५ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणून वर्गीकरणाचा नियम आकडे पाहण्याआधी लिहून ठेवावा आणि बेरीज दोन्ही प्रकारे छापावी.

प्रश्नावलीत ‘शरियत हवी का?’ एवढेच विचारून थांबू नये. वारसाहक्क, तलाक, चोरीची शिक्षा यांविषयी स्वतंत्र प्रश्न ठेवावेत, कारण त्याच अहवालात अनेक देशांतील शरियत-समर्थकांचा कौटुंबिक वादांपुरत्या धार्मिक कायद्याला असलेला पाठिंबा कठोर शिक्षांना असलेल्या पाठिंब्याहून बराच जास्त दिसतो. प्रश्न कोण विचारतो, याचीही नोंद हवी. कैरोतील एका पाहणीत हिजाब घातलेल्या मुलाखतकर्तीसमोर मुस्लिम स्त्रियांनी स्वतःला अधिक धार्मिक म्हणून सांगितले होते. उत्तर देताना सासू किंवा शेजारीण बसली होती का, हेही टिपावे.

लोकशाही आणि इस्लाम यांचा संबंध तपासायचा, तर केवळ इराण व इजिप्त निवडू नयेत. मुस्लिमबहुल सेनेगलमध्ये २००० आणि २०१२ साली विद्यमान राष्ट्राध्यक्ष निवडणूक हरले आणि सत्तांतर शांततेत झाले. असा देश नमुन्यात नसेल, तर निष्कर्ष निवडीतच ठरून गेलेला असतो.

शेवटी प्रत्येक प्रश्नातील ‘मुस्लिम’ हा शब्द काढून तेथे पोलंडमधील कॅथलिक मतदार बसवून पाहावा. प्रश्न विचित्र वाटू लागला, तर तो पुन्हा लिहावा.