बारा बोरची काडतुसे: पावसाळ्यात कशी सांभाळावीत, आणि गोळी घरी का भरू नये

गोव्यातल्या सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या भागांत कुळागर (सुपारी-नारळाची बाग) किंवा काजूची बाग असलेल्या बऱ्याच घरांत पीकरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बारा बोरची बंदूक आहे. तिथे एक प्रश्न हमखास येतो: बारीक छऱ्यांचे काडतूस उघडून त्यात शिशाची एकच गोळी बसवली तर चालेल का? चालणार नाही. हात जाईल, डोळा जाईल, शेजारी उभा असलेला माणूसही जाईल. म्हणून आधी तेवढेच नीट सांगतो.

काडतुसातली दारू, टोपी (बुडाशी असलेली, ठिणगी पाडणारी), गादी (दारू आणि छऱ्यांमधला थर), खोळ (बाहेरचे कवच) आणि पुढचे छऱ्यांचे किंवा गोळीचे वजन हे सगळे एकमेकांशी जुळवून ठरवलेले असते. त्यातले एक बदलले की नळीतला दाब बदलतो. 70 मिलिमीटरच्या साध्या बारा बोर काडतुसासाठी युरोपीय मानकाने ठरवलेली दाबाची मर्यादा 740 बार आहे (इथे बार म्हणजे दाब मोजण्याचे एकक). मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार हवा असते, यावरून अंदाज करा. कारखान्यात हा दाब यंत्राने मोजतात. घरी तो मोजायला काहीच साधन नसते, आणि दाब वाढला हे कळते ते नळी फुटल्यावरच.

गोळीच्या आकाराचा धोका वेगळा. एका पौंड शुद्ध शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एकेका गोळीचा जो व्यास येईल, तो बारा बोरच्या नळीचा, म्हणजे सुमारे 18.5 मिलिमीटर. पण बहुतेक दुनळी बंदुकांच्या तोंडाशी नळी अरुंद केलेली असते, तिला चोक म्हणतात. छरे त्यातून दाटीवाटीने निघून जातात. नळीभर मापाची कडक गोळी तिथे अडली तर नळी फुगते किंवा चिरते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. बंदूक बाळगण्याच्या परवान्यावर काडतुसे बनवता येत नाहीत. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार त्यासाठी वेगळा परवाना लागतो, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवणाऱ्याला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. जड काडतूस हवेच असेल तर परवानाधारक दुकानातून कारखान्यात भरलेले घ्या. गव्यावर तर बंदूक रोखूच नका. तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

आता रोजच्या कामाचे.

पहिल्यांदा नळीवरचे आकडे वाचा. चेंबरची, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेची, लांबी सहसा 65, 70 किंवा 76 मिलिमीटर असते. काडतूस त्याहून लांब नको. लांब काडतूस चेंबरमध्ये बसते, पण सुटताना त्याचे तोंड पूर्ण उघडत नाही आणि दाब चढतो. पूर्वजांची जुनी बंदूक असेल आणि नळीवर वळणदार रेषांची नक्षी दिसत असेल, तर ती बहुधा जुन्या प्रकारच्या काळ्या दारूसाठी केलेली आहे. जाणकार शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याने तपासेपर्यंत तिच्यात आजचे काडतूस घालू नका.

घरात 20 बोरची बंदूकही असेल तर तिची काडतुसे वेगळ्या कपाटात ठेवा. 20 बोरचे काडतूस 12 बोरच्या नळीत घसरून पुढे अडकते, चेंबर रिकामे दिसते, आणि मागून 12 बोरचे घातले की अनर्थ. म्हणूनच 20 बोरची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात.

साठवण मे महिन्यातच लावून घ्या. काडतुसे घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या घालून, चुलीपासून आणि पत्र्याच्या छपरापासून दूर, कुलपात ठेवा. बंदूक वेगळ्या कुलपात. चामड्याच्या पट्ट्यात काडतुसे खोचून ठेवली की पितळेवर हिरवा गंज चढतो, आणि चामड्याच्या म्यानात बंदूक ठेवली तर ओल आतच कोंडते. बंदुकीला खोबरेल लावू नका, ते चिकट होते. बंदुकीचे पातळ तेल घ्या, आणि ते काडतुसाच्या टोपीला लागू देऊ नका. तेल आत मुरले की बार होतच नाही.

महिन्यातून एकदा प्रत्येक काडतूस हातात घेऊन पाहा. फुगलेली कागदी खोळ, सैल झालेले तोंड, गंजलेले बूड, दबलेली टोपी, यातले काहीही दिसले की ते बाजूला काढा. उन्हात वाळवून परत वापरायचा मोह टाळा.

बंदूक वापरण्याआधी ती उघडून, रिकामी आहे हे पाहून, नळीतून उजेडाकडे बघा. भिंतीला टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते, आणि तेवढी मातीसुद्धा नळी फोडायला पुरते.

चाप ओढला आणि बार झालाच नाही, तर नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून निदान तीस सेकंद थांबा. काही वेळा दारू उशिरा पेटते. मग चेहरा बाजूला ठेवून बंदूक उघडा. बार फुसका झाला, धक्का नेहमीपेक्षा कमी बसला, तर दुसरा बार टाकूच नका. गादी किंवा छरे नळीतच अडकलेले असू शकतात. बंदूक रिकामी करून नळी आरपार दिसते का ते पाहा. या एका गोष्टीत घाई करणाऱ्यांच्या बंदुका फुटतात.

बाद काडतुसे पुरू नका, जाळू नका, नदीत टाकू नका. ती वेगळ्या डब्यात घालून, परवाना बरोबर घेऊन, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे चौकशी करा आणि जमा केल्याची पावती घ्या. निवडणुकीच्या काळात बंदूक अनेकदा ठाण्यात द्यावी लागते, तेव्हाच हे काम उरकले तर दोन फेऱ्या वाचतात.