पायाची नस की पाठीचा मणका? आयलियाक आणि एओर्टाच्या उपचारात या चुका टाळा

माझ्या काकांना चालताना नितंबात आणि मांडीत गोळे यायचे, आठ महिने कमरेचा पट्टा, फिजिओ, एमआरआय सगळं झालं आणि एमआरआयमध्ये मणका थोडा झिजलेला दिसला म्हणून सगळे तिथेच अडकले. साठीनंतर झिजलेला मणका कोणाचा दिसत नाही सांगा. शेवटी एका व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या, सर्जननी जांघेत दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, इथे नाडीच लागत नाहीये. आयलियाक आर्टरी, म्हणजे पोटातून पायाकडे रक्त नेणारी मोठी नस, जवळजवळ बंद होती. आठ महिन्यांत कोणी जांघेत हात लावला नव्हता, हा माझा राग अजून गेलेला नाही.

तर पहिली चूक हीच. फरक ओळखायला सोपा आहे, नस ब्लॉक असेल तर नुसतं उभं राहिलं तरी दोन-चार मिनिटांत दुखणं थांबतं, मणक्याचं असेल तर बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी, म्हणजे एबीआय, 0.9 च्या खाली आला तर ब्लॉकेजचा संशय. पण आयलियाकच्या ब्लॉकमध्ये झोपून घेतलेला एबीआय कधीकधी नॉर्मल येतो, म्हणून लक्षणं असतील तर ट्रेडमिलवर चालवून परत मोजायला सांगा.

एओर्टा म्हणजे हृदयातून निघून पोटात उतरणारी मुख्य रक्तवाहिनी. तिच्या पोटातल्या भागाला आलेल्या फुग्याचं, म्हणजे अ‍ॅन्युरिझमचं, उलटं असतं. रिपोर्टमध्ये 4 सेंटीमीटर वाचलं की लोक लगेच ऑपरेशन करा म्हणून मागे लागतात. साधारण पुरुषांत 5.5 आणि बायकांत 5 सेंटीमीटरपर्यंत ठरलेल्या वेळी सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात, कारण तोपर्यंत फुटण्यापेक्षा ऑपरेशनचाच धोका जास्त असतो. मात्र फुगा आहे हे माहीत असताना पोटात किंवा पाठीत अचानक जोरात दुखलं, घाम फुटला, तर आकार कितीही असो, पेनकिलर घेऊन सकाळची वाट बघू नका.

स्टेंट टाकायच्या आधी मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी चालू आहे का, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती आहे हे स्वतःहून सांगा, नस दिसावी म्हणून सोडतात त्या डायचा किडनीशी संबंध आहे. आणि एक प्रश्न लाजून कोणी विचारत नाही. फुग्यावर उपचार करताना कधी आतली आयलियाक, म्हणजे नितंब आणि ओटीपोटाला रक्त देणारी फांदी, बंद करावी लागते, मग चालताना नितंब दुखतं, पुरुषांना लैंगिक अडचण येऊ शकते, ओपन सर्जरीतही ही शक्यता असते. ती नस वाचवणारे फांदीवाले ग्राफ्ट, म्हणजे नसेत बसवायच्या कृत्रिम नळ्या, मिळतात पण सगळ्यांना बसत नाहीत, तर आपल्या केसमध्ये काय होणार हे सही करायच्या आधीच विचारा.

घरी आल्यावरचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ग्राफ्ट बसला, विषय संपला. जांघेतून बसवलेल्या ग्राफ्टमध्ये, ज्याला इव्हार म्हणतात, फुगा कापून काढत नाहीत, तो तिथेच राहतो, फक्त रक्त ग्राफ्टमधून जातं. कुठून गळती झाली, म्हणजे एंडोलीक, तर फुगा पुन्हा वाढू शकतो आणि दुखत मात्र बहुतेकदा काहीच नाही. टाइप 2 ची गळती, म्हणजे बाजूच्या छोट्या नसांतून फुग्यात येणारं रक्त, सगळ्यात जास्त दिसते आणि फुगा वाढत नसेल तर बरेचदा नुसतं लक्ष ठेवतात, टाइप 1 (ग्राफ्टच्या टोकाकडून) आणि 3 (ग्राफ्टच्या जोडातून किंवा फाटल्यामुळे) ला हात घालावाच लागतो. पण हे कळणार स्कॅनमध्येच, साधारण महिन्याभराने पहिला, मग बहुतेक दरवर्षी. जुन्या सीडी टाकू नका, तुलना त्यांच्याशीच होते.

दात काढायचा म्हणून क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, परस्पर बंद करू नका, आधी सर्जनला फोन. उपचारानंतर जांघेतली पट्टी कोरडी आहे पण कमरेत दुखतंय आणि चक्कर येतेय, तर रक्त आत साठत असू शकतं, पट्टी बघून निर्धास्त राहू नका. आणि पाय एकदम गार, पांढरा, बधिर पडला तर तेल चोळत किंवा गरम पाण्याची पिशवी लावत बसू नका, बधिर पायाला चटका कळत नाही आणि पाय वाचवायला हातात 4 ते 6 तासच असतात, तेही सगळ्यांना पूर्ण मिळतील असं नाही. घराजवळचा दवाखाना नको, जिथे व्हॅस्क्युलर सर्जन आहे तिथेच थेट जा आणि निघतानाच फोन करून ठेवा.