तरुणांसाठी एचआयव्हीची पीअर सपोर्ट सेवा वाढवताय? मग या चुका टाळा

एखाद्या सेंटरवर तीन-चार पीअर सपोर्टर (म्हणजे स्वतः एचआयव्हीसोबत जगणारी आणि तशाच इतर मुलांना आधार देणारी तरुण मुलंमुली) मनापासून काम करतात, मुलं गोळ्या नीट घ्यायला लागतात, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) खाली येतो, मग वरून निरोप येतो की हेच आता सगळीकडे सुरू करा, आणि बऱ्याचदा इथूनच गाडी घसरते. कारण वाढवताना फक्त पीअर वाढतात, त्यांना सांभाळणारी माणसं तेवढीच राहतात. सगळ्यात मोठी चूक हीच आहे, बाकीच्या बऱ्याच चुका हिच्याच पोटातून येतात.

झिम्बाब्वेचं झ्वांदिरी मॉडेल बघा. 2004 साली हरारेमध्ये एका सपोर्ट ग्रुपपासून ते सुरू झालं, आणि त्यात 18 ते 24 वयाची, स्वतः एचआयव्हीसोबत जगणारी मुलंमुली इतरांना आधार देतात. 2020 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात तिथली 16 क्लिनिक्स होती. साधारण दोन वर्षांनंतर, ज्यांचा व्हायरल लोड 1000 (एक मिलीलीटर रक्तात विषाणूच्या इतक्या कॉपी) किंवा त्याच्या वर होता किंवा ज्यांचा मृत्यू झाला होता अशांचं प्रमाण नेहमीच्या सेवेत 36 टक्के होतं आणि झ्वांदिरीत 25 टक्के. हा फरक खूप मोठा आहे. पण लोक फक्त आकडा उचलतात. तिथे पीअरच्या मागे क्लिनिकची नर्स होती, मेंटॉर होते, घरभेटी, फोन, सपोर्ट ग्रुप, पालकांसोबतचं काम हे सगळं होतं. ते वगळून नुसते पीअर नेमले तर तसाच रिझल्ट कसा येईल?

पीअर हा पण पेशंट आहे हे विसरणं

त्याच्याही गोळ्या चालू असतात, त्यालाही कधी कंटाळा येतो, त्याचंही ब्रेकअप होतं, आणि ज्या मुलाला तो रोज फोन करत होता ते मूल गेलं तर तो आतून तुटतो. अशा वेळी त्याच्या हातात पुढच्या केसची यादी देऊ नका. दर आठवड्याला कुणीतरी त्याच्याशी बसून बोललं पाहिजे, आणि ते बोलणं रिपोर्टबद्दल नाही तर त्याच्याबद्दल. रोज येणारा पीअर अचानक गप्प झाला, फोन उचलेना, तर लगेच शिस्तीचा प्रश्न समजू नका, आधी त्याची तब्येत आणि त्याचं स्वतःचं औषध विचारा.

आणि मानधन द्या. प्रवास आणि फोनचा खर्च वेगळा द्या. तरुण आहेत, सेवाभावाने करतील असं म्हणून फुकट राबवलं तर चांगली मुलं पहिली नोकरी मिळाली की जातात, आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नाही.

सगळं पीअरवर ढकलणं

आत्महत्येचे विचार, घरात मारहाण, लैंगिक अत्याचार, गर्भारपण, बरेच दिवसांचा खोकला आणि घटत चाललेलं वजन, यातलं काहीही पीअरने एकट्याने हाताळायचं नसतं. कुणाला फोन करायचा, रात्री कुणाला करायचा, हे नाव-नंबरसकट लिहून द्या. पीअरने पहिल्याच भेटीत सांगून ठेवावं की तुझं बोलणं माझ्याकडेच राहील, पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर मी नर्सला सांगणार. हे नंतर सांगितलं की विश्वासघात वाटतो.

प्रायव्हसीतली ढिलाई

पटकन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढतात, आणि प्रत्येकाचा नंबर आणि फोटो सगळ्यांना दिसतो. संस्थेचा लोगो असलेला टीशर्ट घालून घरी जातात, शेजारी विचारतात हे कोण. फोन बऱ्याचदा आईचा किंवा भावाचा असतो. त्यामुळे प्रत्येकाला आधी विचारा की फोन कधी करू, दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगू, मेसेज चालेल का, घरी येऊ का बाहेर भेटू. फोन उचलत नाही अशी जी तक्रार असते ना, तिचं उत्तर खूपदा इथेच सापडतं.

व्हायरल लोड खाली येत नाहीये, मग आणखी फोन करा?

नाही, आधी नीट बघा. घरात सगळ्यांना माहीत आहे का, गोळ्या ठेवायला जागा आहे का, शाळेची किंवा कामाची वेळ आडवी येते का, वजन वाढल्यावर डोस बदलला का, मनाने खचलाय का. 1000 च्या वर आला तर गोळ्या नियमित होण्यासाठी आधार आणि साधारण 3 महिन्यांनी परत टेस्ट, ही ठरलेली पद्धत आहे. गोळ्या खरंच नीट घेऊनही लोड वर असेल तर तो औषधाला रेझिस्टन्सचा, म्हणजे विषाणूवर ते औषध चालेनासं झाल्याचा, प्रश्न असू शकतो, तिथे डॉक्टर लागतो. अशा मुलाला तू खोटं बोलतोस असं म्हटलं की तो परत येत नाही.

सगळ्यांना एकाच ग्रुपमध्ये बसवणं हीसुद्धा चूकच. जन्मापासून एचआयव्ही असलेली मुलगी वर्षानुवर्षं गोळ्या घेऊन थकलेली असते, कदाचित तिने आई-वडील गमावलेले असतात. वीस वर्षांच्या ज्या मुलाला मागच्या महिन्यात कळलंय त्याचे प्रश्न पार्टनरला कसं सांगू, लग्न होईल का असे असतात. तरुण आयांचं तर अजून वेगळं. आणि सेक्सबद्दल बोलायला लाजू नका. नियमित औषधाने व्हायरल लोड टेस्टमध्ये सापडेनासा झाला आणि तसाच राहिला तर सेक्समधून एचआयव्ही पार्टनरला जात नाही, ही गोष्ट प्रत्येक पीअरला स्वच्छ शब्दांत सांगता आली पाहिजे. कंडोम तरीही कामाचा आहे, इतर आजार आणि नको असलेलं गर्भारपण टाळायला.

रजिस्टरमध्ये किती भेटी झाल्या हे मोजून खूश होऊ नका. किती जणांची व्हायरल लोड टेस्ट वेळेवर झाली, किती जणांचा खाली आला, सुटलेले किती परत आले, हे बघा.

नवीन सेंटर काढताना आधी जबाबदार नर्स आणि मेंटॉर ठरवा, मग पीअर निवडा, आणि निवडताना फक्त हुशार, बोलकी, कधीच गोळी न चुकवलेली मुलं घेऊ नका, कारण मध्येच औषध सोडून परत आलेल्याचं बोलणं इतरांना जास्त पटतं. जुन्या सेंटरचे सगळे अनुभवी पीअर एकदम नव्या जागी हलवू नका, तिथली मुलं ज्यांच्याशी कुठे बोलायला लागली होती तीच माणसं गायब होतात आणि फॉलोअप तुटतो. थोडे थोडे हलवा, आणि जाणाऱ्याने आपल्या प्रत्येक मुलाची नव्या पीअरशी समोरासमोर ओळख करून दिल्याशिवाय जाऊ देऊ नका.