बिस्मार्कच्या सैल तारा

बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचं १:७०० मापातलं मॉडेल जवळजवळ पुरं झालं होतं. खरं जहाज २५१ मीटरचं, माझं जेमतेम ३६ सेंटिमीटरचं. घोळ झाला तो डोलकाठीवरून ओढलेल्या एरियलच्या तारांचा. शिवणाचा दोरा वापरला होता. जाडी ०.२ मिलिमीटर, म्हणजे या मापात खऱ्या जहाजावर १४ सेंटिमीटर! वर त्याची लव भिंगाशिवायही दिसायची. सगळं उपटलं.

मग किटचे सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात, तिची उरलेली प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर (ज्योतीत नव्हे, थोडी वर) फिरवत धरली. मऊ पडून चकाकली की बाजूला घ्यायची, क्षणभर थांबायचं आणि सरळ ओढायची. केसासारखी तार निघते. पहिल्या पाच-सहा तुटल्या, चालायचंच. टोकं फेविकॉलच्या इवल्याशा थेंबाने चिकटवली. सुपरग्लूने आजूबाजूला पांढरट डाग पडतात.

तरी दोन तारा झोळ येऊन लोंबत होत्या. तिथे उदबत्ती कामी आली. पेटतं टोक तारेखालून, न टेकवता, हळूच नेलं आणि तार आपोआप ताणली गेली. एकदा जरा जास्तच जवळ नेलं, तर टचकन तुटली.

आई म्हणाली, "देवापुढे कधी लावली नाहीस ती!"