गाडीच्या छताचं लोंबलेलं अस्तर बदलताना या चुका टाळा

जुन्या गाडीचं छताचं अस्तर लोंबायला लागलं की पहिला मोह होतो तो तेच कापड ग्लू मारून परत चिकटवण्याचा. ती मेहनत वाया जाते. कापडामागे फोमचा पातळ थर असतो. उष्णता आणि दमटपणाने तो वर्षानुवर्षं झिजत जातो आणि शेवटी त्याची पिठी होते. पिठीवर काहीही चिकटवा, ते पिठीसकटच सुटून येणार. नवं कापड घ्या, मागे ३ ते ५ मिमी फोम असलेलं. साधं पातळ कापड घेतलं तर ज्या कडक बोर्डावर ते चिकटवलेलं असतं त्याचा प्रत्येक उंचवटा आणि ग्लूचा प्रत्येक थेंब वरून दिसतो.

छतावर पिवळे-तपकिरी डाग असतील, तर आधी पाणी कुठून झिरपतंय ते शोधा. काचेचं रबर, छताची पन्हळ, सनरूफ असेल तर त्याच्या निचऱ्याच्या नळ्या तपासा. गळती तशीच राहिली तर नव्या कापडावरही तेच डाग उमटतील.

बोर्ड काढताना आणि साफ करताना

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, मगच आतल्या दिव्याला हात लावा. सीट पूर्ण मागे झुकवा आणि दोघांनी मिळून बोर्ड बाहेर काढा. एकट्याने ओढला की तो मधोमध वाकतो आणि तडा जातो. तडा गेलाच तर मागच्या बाजूने फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन लावून तो पूर्ण वाळू द्या.

सगळं काम टिकतं ते सफाईवर, आणि कंटाळा येतो तोही इथेच. जुना फोम मऊ ब्रशने घासून काढा आणि व्हॅक्यूम फिरवा. मग तळहात फिरवून बघा. हाताला भुकटी लागली तर पुन्हा घासा. तारेचा ब्रश जोरात चालवला तर बोर्डाचेच पापुद्रे निघतात आणि त्या जागी पुढे फुगे येतात. धूळ बारीक असते, मास्क लावाच.

ग्लू

साधा क्राफ्टचा स्प्रे चालत नाही. उन्हात बंद गाडीचं छत इतकं तापतं की तो मऊ पडतो. डब्यावर उच्च तापमानासाठी असल्याचं लिहिलेला कॉन्टॅक्ट ग्लूच घ्या. कापड मधोमध दुमडा, एका वेळी अर्ध्याच भागावर काम करा. ग्लू बोर्डावर आणि फोमवर, दोन्हीकडे मारा. बोटाची मागची बाजू टेकवल्यावर चिकट लागेल पण ग्लू बोटाला येणार नाही, तोवर थांबा. ओला असतानाच कापड टेकवलं तर ग्लूमधला सॉल्व्हंट (त्याला पातळ ठेवणारा द्रव) फोममध्ये शिरतो आणि कापडावर डाग उमटतात. काम मोकळ्या हवेत करा, जवळ आग नको.

मधून कडेकडे हलक्या हाताने दाबत जा. व्हायझरच्या खोबणीसारख्या खोलगट जागी कापड आधी आत बसवा, मग पुढे सरका. खोलगटावरून ताणून नेलेलं कापड तेव्हा सपाट दिसतं, पण काही दिवसांत तिथेच सुटून लोंबतं. चारही बाजूंना ५ ते ७ सेंमी जास्तीचं कापड ठेवा, कडेवरून मागे वळवून चिकटवा. दिव्याच्या भोकाला आधी छोटा फुलीसारखा छेद द्या. मोठं कापलेलं भोक लहान करता येत नाही.

कमानींचं अस्तर असेल तर

आणखी जुन्या गाड्यांत बोर्ड नसतो. पोलादी कमानींवर, शिवलेल्या नेफ्यांतून, कापड ताणलेलं असतं. प्रत्येक कमानीची लांबी आणि वाक वेगळा असू शकतो. काढताना पुढून मागे क्रमांक घाला आणि कोणतं टोक कोणत्या भोकात होतं तेही लिहा. गंज घासून रंग द्या, नाहीतर शिवणीवर तपकिरी रेघ उमटेल. गाडीच्या आणि कापडाच्या मध्यावर खडूची खूण करा.

कडेला आडव्या चुण्या येत असतील तर बहुतेकदा नेफ्याची टोकं जास्त लांब राहिलेली असतात. ती एकेक सेंटिमीटर कापत जा, प्रत्येक वेळी ताण तपासा. तिरप्या चुण्या म्हणजे एका बाजूचा ताण जास्त. तिथल्या क्लिपा सोडून पुन्हा ओढा. अस्तर व्हिनाइलचं (प्लॅस्टिकसारखं) असेल तर ते गरम असताना चांगलं ताणलं जातं, म्हणून बसवण्याआधी ते उन्हात पसरून ठेवा. कडेचं जास्तीचं कापड ग्लू पूर्ण वाळल्यावर, दुसऱ्या दिवशीच कापा.